साखरेची वही

माझ्या वहिनीइतकं सफाईनं खोटं बोलणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. बायकांचे कपडे शिवते ती. पुढच्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि उंच आरसा, मागच्या खोलीत तिचा आणि दादाचा संसार. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावली आणि छत्तीस भरली, की चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणणार, "चौतीस. बारीक झालात हो!" वहीत मात्र छत्तीसच लिहिणार आणि छत्तीसच कापणार. बाई खूश, कपडा अंगाला चापून-चोपून बसलेला. तिच्या जिभेचा आणि वहीचा छत्तीसचा आकडा आहे, असं मी चिडवायची. "आकडा मनासाठी असतो, कापड अंगासाठी," ती दातात टाचण्या धरून सांगायची.

तिला तिसाव्या वर्षीच मधुमेह निघाला. तिच्या आईलाही होता. आठवली तर गोळी, नाही तर नाही. दुखत नाही, खुपत नाही, तो कसला आजार, असं तिचं म्हणणं. मग दिवस राहिले. कामाच्या गर्दीत तेही तिला अडीच महिन्यांनी कळलं. मुलगी झाली. गोरी, नाकेली, आणि हृदय अर्धवट घडलेलं. नऊ दिवस जगली.

दवाखान्याच्या जिन्यापाशी डॉक्टरांनी दादाला आणि मला सांगितलं होतं, की आईची साखर सुरुवातीच्या आठवड्यांत फार वाढलेली असली, तर बाळाच्या हृदयात, कण्यात असे दोष राहण्याचा धोका वाढतो. यांच्या बाबतीत तेच झालं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण शक्यता मोठी आहे. वहिनी तेव्हा आत खाटेवर होती. शेजारणींनी तिला वेगळंच सांगितलं: पायाच्या मशीनचे हादरे बसले. वहिनीनं ते घट्ट धरून ठेवलं. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर मशीनला मोटर बसवून घेतली. दादा गप्प, मीही गप्प. मशीनला दोष दिला की कोणाला लागत नाही.

तीन वर्षांनी तिला पुन्हा मूल हवं झालं. नव्या डॉक्टरीणबाई करड्या शिस्तीच्या. त्यांनी पहिल्या बाळाचं विचारलं, तेव्हा वहिनीनं तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "हृदयात दोष होता." त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

"दिवस राहिलेत हे कळेपर्यंत बाळाचं हृदय बरंचसं घडून झालेलं असतं," त्या वहिनीला म्हणाल्या. "म्हणून तयारी आधी. आधी साखर ताब्यात, मग बाळ." गोळ्या बदलल्या, इन्सुलिन आलं, फॉलिक ॲसिड आलं. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

वहिनी मान डोलावून आली. इतरांच्या बाळांना होत असेल साखरेचं. आपल्याला मशीन भोवलं, हे तिच्या मनात पक्कं होतं.

वही कशी देखणी! एकशेदहा, एकशेपाच, एकशेअठरा. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रक्ताची ती तपासणी केली, ज्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. कागद आणि वही त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. रक्ताप्रमाणे साखर दोनशेच्या आसपास होती.

वहिनीनं मान खाली घातली. "तुम्ही एवढ्या मायेनं करता," ती पुटपुटली, "वाईट आकडा दाखवायला जीव होईना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. माझं मात्र टाळकं सटकलं. "अगं वहिनी, गिऱ्हाइकाला चौतीस सांगतेस, पण कापतेस छत्तीस! यांनी तुझ्या वहीवर इन्सुलिन ठरवलं. यांना तू चौतीसवर कापायला लावलंस!"

ते तिला डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा लवकर कळलं. पुढच्याच महिन्यात बाळाचा विचार होता, तो लांबला. आणखी चार महिने थांबली बिचारी. छत्तिसावं वर्ष लागलं होतं, एकेक महिना जड जात होता. पण वहीत खरं यायला लागलं: "दोनशेदहा. गिऱ्हाइकाच्या मुलीचा केक. दोन तुकडे." मला हसू यायचं. हळूहळू आकडे उतरले, रक्तानंही तेच सांगितलं, आणि मग दिवस राहिले.

पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. तपासणाऱ्या बाई पडद्यावर मोजमापं घेत राहिल्या, मी माझीच बोटं मोडत बसले. शेवटी त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे चार कप्पे. झडपा नीट. सगळंच दिसतं असं नाही, पण मला तरी काही वावगं दिसत नाही."

दादा ढसाढसा रडला. वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नाही. दादा रिपोर्ट आणायला गेला, तशी ती बाकावर टेकली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तीही अशीच झाली असती?"

मला आता खोटं बोलवेना. "झाली असती, कदाचित. मशीनचं काही नव्हतं, वहिनी. साखरेचं असावं. डॉक्टरांनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."



"तेव्हाच मला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर एक आकडा खोटा लिहिला नसता गं मी. त्या तीन महिन्यांत जर हे बाळ राहिलं असतं तर?"

मी तिला जपत होते, असं चार वर्षं मला वाटत आलं होतं. तिनं पदराला तोंड पुसलं आणि मग त्या नऊ दिवसांच्या पोरीसाठी ती मोठ्यानं रडली. मी तिच्या हाताला हात लावला. तिनं तो झिडकारला नाही, पण धरलाही नाही.