अननसाच्या आधीचा वास

एसेन्सच्या कारखान्यात त्याला सगळे अननसशेठ म्हणत. शेठपण नावापुरतंच, काम भट्टीवरच्या कामगाराचं. आइस्क्रीममध्ये, गोळ्यांमध्ये, सरबतात जो अननसाचा वास येतो, तो त्याच्या भट्टीतून निघायचा. संध्याकाळी रस्त्यावरून जाणारी माणसं नाक वर करून म्हणायची, "मजा आहे बुवा तुमची!" त्यांचं काय जातंय म्हणायला? अननसाच्या आधीचा वास त्यांच्या नशिबी आला नव्हता.

तो वास ब्युटिरिक ॲसिडचा. बंद कपाटात विसरलेलं लोणी आणि त्यावर कुणाला तरी झालेली उलटी, असं काहीसं. कारखान्यातल्या केमिस्टबाई बोलक्या होत्या. चहाच्या सुट्टीत त्या या आम्लांची कुंडली मांडायच्या. खानदान एकच. प्रत्येकाच्या शेपटाला तीच गाठ: एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, जो जरा निमित्त मिळालं की घर सोडून पळतो. त्याच्या पळण्यानंच जीभ आंबते. सगळ्यात धाकटं मुंगीच्या डंखात, त्याच्याहून थोरलं व्हिनेगरच्या बाटलीत. लांब शेपटांची वडीलधारी मंडळी तेलातुपात. त्यांचा साबण होतो, ती कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आणि आमचं?" त्यानं विचारलं होतं.

"तुमचं म्हणजे लग्नकार्याला कुणी बोलवत नाही ते," बाई म्हणाल्या. "पण अल्कोहोलशी त्याचं लग्न लावा, मधलं पाणी काढून टाका, की तेच कार्टं अननस होतं. लग्नानंतर सुधारतात काही काही."

"काही तसेच राहतात बाई. मला विचारा!"

सगळे हसले होते. तोही हसला होता, पण आतून नाही. ते ॲसिड त्याच्या अंगात मुरलं होतं. बायको होती तोवर ती त्याला दारातच अडवायची. कपडे धुण्याच्या सोड्यात बुडवायची आणि मग वाहत्या नळाखाली इतकी खळबळायची की शेजारीण विचारायची, कापड धुतेस की पिळून मारतेस? लेक शाळेत असताना एकदा बसमध्ये त्याच्या शेजारून उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. मैत्रिणी होत्या बरोबर. तो खिडकीबाहेर बघत राहिला. लेकीला त्यानं कधीच त्याबद्दल विचारलं नाही, आणि ते तो कधी विसरलाही नाही.

पुढे लेक लग्न करून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. बायको आजारपणात गेली. आणि मधल्या काळात केव्हातरी त्याच्या नाकानं संप पुकारला, तोही फक्त त्या एका वासापुरता. साबण कळायचा, करपलेलं कळायचं, फक्त ब्युटिरिक कळायचं नाही. म्हणजे आपल्याला वास येतोय की नाही, हे सांगणारं घरात कुणी नाही आणि स्वतःला तर पत्ताच नाही. संध्याकाळी कुलूप उघडताना त्याला वाटायचं, कुणीतरी आतून ओरडावं, 'आधी कपडे काढा ते!' त्या ओरडण्यासाठी त्याचा जीव तुटायचा.

मग लेकीचा फोन आला. ती नातीला घेऊन येणार होती, जेमतेम शनिवार-रविवारपुरती. नातीला त्यानं फोनच्या काचेतच पाहिलं होतं. आता ती हातात येणार. पण कोणत्या हातात? पोरगी रडली तर? लेकीनं पुन्हा तोंड फिरवलं तर?

त्यानं सगळे शर्ट सोड्यात बुडवले. इथवर ठीक होतं. पण पुढे त्यानं बायकोच्या पद्धतीवर स्वतःची अक्कल चालवली. नळाखाली खळबळत बसण्याऐवजी पिळले आणि वरून ताजेपणासाठी बादलीभर लिंबाचं पाणी ओतलं. शर्ट वाळले, त्याच्या नाकाला लिंबू आलं, तो खूश झाला. शनिवारी अर्धा दिवस कामावर त्यातलाच एक घालून गेला, तर चहाच्या टेबलावरची माणसं एकेक करून उठली.

केमिस्टबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, सोड्यानं त्याचं मीठ झालं होतं. मिठाला वास नसतो. ते पाण्याबरोबर वाहून जायला हवं होतं. तुम्ही ते कापडातच ठेवलंत आणि वर लिंबू पिळलंत! लिंबातही आम्लच. त्यानं आपला हायड्रोजन ह्याला दिला आणि मेलेलं भूत उठवून बसवलं."

जित्याची खोड म्हणतात ती हीच. घरी धुवायला वेळ नव्हता. लेक दारात उभी होती.

तिनं बाळाला पुढे केलं. तो दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधले.

"बाबा, घ्या ना हिला."

"असू दे. प्रवासानं दमली असेल."

"मी इतक्या लांबून आले आणि तुम्ही हातसुद्धा लावत नाही? रागावलात का माझ्यावर?"

"राग कसला गं?" तो म्हणाला. "मला... वास येत असेल. मला कळत नाही आता. तुला आवडायचा नाही ना."

लेक एक पाऊल पुढे आली. तिनं पोरीला सरळ त्याच्या खांद्यावर टाकलं. त्याचे हात आपोआप पुढे आले. पोर ऊबदार होती, वाटलं होतं त्याहून जड होती. तिनं त्याच्या कॉलरला मूठ घातली आणि जराशानं त्याच शर्टावर दूध ओकली. तिला वरचं दूध चालू होतं, गाईचं. त्याच्या स्निग्धांशात हेच ॲसिड बांधलेलं असतं आणि पोटात गेलं की सुटतं.

लेक पुसायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिकडे ही पहिल्यांदा ओकली ना बाबा, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ह्यांना वाटलं, जागरणानं. तुमचा वास होता तो. संध्याकाळी तुम्ही दारात आलात की यायचा, तसाच. तेव्हापासून तिचं दुपटं लगेच धुवत नाही मी." तिनं नाक ओढलं. "घ्या, बघा. अगदी तोच आहे की नाही?"

त्यानं नातीच्या मानेत नाक खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला. पावडर आली. केसांची ऊब आली. तो वास मात्र आला नाही. लेक डोळे पुसत त्याच्याकडे आशेनं बघत होती.

"हो गं," तो म्हणाला, "तोच." आणि त्यानं पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.