आक्कांनी सोडलेलं मलम

शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, भेस्तानहून फोन आहे." तिथे आक्कांचं घर. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आक्कांना पुन्हा लघवीची आग सुरू झाली असणार. ऑफिसात जाऊन फोन घेतला तर पुतण्या रडत होता. आक्का ओट्याशी उभ्या होत्या, छातीवर हात ठेवून खाली बसल्या आणि संपलं. हृदयविकार. त्यांच्या जुन्या दुखण्याचा या मरणाशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. मलाही ते कळतं... पण जिवाला लागलंय ते मरण नाही, त्याआधीची चार वर्षं आहेत.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. बहात्तरच्या दुष्काळानंतर धुळ्याकडून सुरतेला आल्या, भावजी कापडाच्या लूमवर कामाला लागले. मी मागून आले ती मराठी शाळेत शिकवायला. माझी दोन्ही मुलं आक्कांच्या मांडीवर वाढली. "तू शाळाम्हा जाय, पोरेसले मी देखसू," असं म्हणून त्या मला दाराबाहेर ढकलायच्या. मी उशीर केला की ओरडायच्याही, आणि ओरडत ओरडत ताट वाढायच्या.

पाळी गेल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांना त्रास सुरू झाला. लघवीला जळजळ, खाली कोरडं पडून खाज, बसलं की टोचायचं. चाळीचा संडास पार टोकाला, तिथे रांग. म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. संसर्गाच्या गोळ्या घेतल्या की बरं वाटे, महिन्याभरात पुन्हा तेच. अंथरूणही त्यांनी नातवंडांच्या बाजूला नेलं होतं. त्यांची आणि भावजींची, दोघांचीही तोंडं उतरलेली असत. शेवटी मीच त्यांना हाताला धरून कतारगामच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई गुजरातीत भराभर बोलल्या. आक्कांना बाजारापुरती गुजराती येई, ही नाही. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, लघवीची जागा शेजारीच म्हणून तिथेही जळजळ आणि वारंवार संसर्ग होतो. त्याच इस्ट्रोजेनचं हे मलम आतून लावायचं, सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा. ते तिथल्या तिथे काम करतं, त्वचा पुन्हा मऊ, ओलसर होते. थांबवलं की त्रास परत येतो. याने पाळी सुरू होत नाही, उलट रक्त दिसलंच तर लगेच दाखवायला या. सगळं त्या नीट बोलल्या.

आणि मी ते रिक्षात आक्कांना सांगितलं. रिक्षावाला निघाला आपल्याच धुळ्याकडचा, साक्रीचा, आरशातून बघत "कोणतं गाव?" विचारणारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज खाली आणून मी एवढंच म्हटलं, "आक्का, पाळीबरोबर अंगातून जे गेलं ना, तेच डॉक्टरीण मलमातून परत देतेय." आक्कांनी मान हलवली. पाळी येणार नाही, हे मी गाळलं. या वयात ते कोणाच्या मनात येणार, असं वाटलं मला. मुलांना एकच गणित दहादा समजावणारी बाई मी, आणि तिथे एका वाक्यात उरकून मोकळी झाले.

महिनाभरात आक्का बदलल्या. रात्री झोपू लागल्या, तांब्याभर पाणी प्यायच्या, बहिणीला भेटायला अमळनेरला एकट्या गाडीने गेल्या. "माले आते सुख शे व माय," म्हणाल्या. मग श्रावण तोंडावर आला आणि त्यांनी मलम सोडलं. आग परत आली. मी चिडले, सुनेसमोर बोलले, "औषध अर्धवट टाकायची खोडच आहे तुम्हांला." आक्का खाली बघत गहू निवडत राहिल्या. पुढे मी विचारणंही सोडलं.

तेराव्याला सगळे गेल्यावर त्यांची सून सुनंदा कानबाईची, श्रावणात बसणाऱ्या आमच्या खानदेशी देवीची, पेटी घेऊन माझ्याजवळ बसली. आमच्या घरात पाळी गेलेली थोरली बाईच कानबाईचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या, करते, विटाळाची कणभर शंका चालत नाही. सासूबाईंच्या मागे आक्कांनी ते हौसेने केलं, त्यातच त्यांचा मान होता. सुनंदा म्हणाली, "काकी, आता कानबाई तुमच्याकडे. पण ते डॉक्टरीणचं मलम कधी लगाडू नका हां. आई मला बोलायच्या, त्याने गेलेली पाळी परत येते, तुझ्या काकीनेच सांगितलंय. म्हणून तर त्यांनी सोडलं."

मला तिच्याकडे बघवेना. वर्षभरापासून मी तेच मलम लावते. मलाही तीच आग होती, तीही महिन्याभरात थांबली. आक्का मात्र माझ्या एका वाक्यापायी, माझ्यावर विश्वास ठेवून, चार वर्षं जळत राहिल्या. वर माझी बोलणीही त्यांनी ऐकून घेतली.

पेटी आता माझ्या कपाटात आहे. आत कानबाईचा नारळ, नथ, लाल खण, आणि खणाच्या घडीत आक्कांच्या हाताचा हळदीचा ठसा. त्याच खणात मी माझी मलमाची ट्यूब ठेवते. या श्रावणात रोट मी करणार आहे, मलम न सोडता. सुनंदाला शेजारी बसवून डॉक्टरीणबाईंचं अक्षर न् अक्षर सांगणार आहे, घरात पुरुष बसलेले असले तरी. तोवर कपाट उघडलं की पेटीवर हात ठेवते आणि रिक्षात गाळलेलं तेवढंच बोलते... आक्का, त्याने पाळी येत नाही व माय.