कुत्र्याचा काळा कान

माझी मावशी जन्मात कुणाला उलट बोलली नाही, म्हणून तिच्या वाटणीचं मीच बोलते. घरचे मला तिखट जिभेची म्हणतात. म्हणू देत.

मावशी चित्रं रंगवायची. पोस्टमन आणि त्याचा कुत्रा यांचं कॉमिक तेव्हा घरोघर वाचलं जायचं. ते टीव्हीवर हलत्या चित्रांत आणायचं ठरलं, तेव्हा स्टुडिओने बारा बायका कामाला घेतल्या. पारदर्शक शीटवर पुढून स्टुडिओचे मुख्य चित्रकार, ज्यांना सगळे साहेब म्हणत, रेघा काढायचे, मग शीट पालथी करून बायका मागून रंग भरायच्या, म्हणजे रेघ स्वच्छ दिसते. पोस्टमनने नुसतं दार ठोठावायचं म्हटलं तरी अशी वीसेक शीट लागायची. नवी परवडत नसत. म्हणून चित्रण झालं की दर शनिवारी त्याच बायका कोमट पाण्याच्या पिंपाशी बसून आपलंच काम धुऊन काढायच्या. सोमवारी त्याच शीटवर पुन्हा श्रीगणेशा.

कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर नावं यायची. साहेबांचं, गाणाऱ्याचं, अगदी कुत्र्याचं भुंकणं काढणाऱ्याचंसुद्धा. बारा जणींपैकी एकीचंही नाही. भुंकणाऱ्याला नाव आणि रंगवणारीला नाही, हा कुठला न्याय?

"अगं, आम्ही काय, नुसता रंग भरायचो," मावशी म्हणायची. तिचं ते 'नुसता' मला अजून झोंबतं.

तिच्या हातून चूक झाली ती एकदाच. कॉमिकमधल्या कुत्र्याचा डावा कान काळा. शीट पालथी केली की डाव्याचं उजवं होतं, हे तिच्या हाताला पाठ होतं. पण त्या दिवशी बहिणीला मुलगी झाल्याचा निरोप आला, आणि आनंदाच्या भरात तिने भलताच कान काळा केला. ती मुलगी मी, तेव्हा अर्धी चूक माझीही. टीव्हीवर क्षणभर काळा कान डावीकडून उजवीकडे जाऊन परत आला. पोरं कसली वस्ताद, पत्रांचा ढीग पडला.

त्या भागाची शीट धुवायची राहून गेली होती; त्यातलं ते एक मॅनेजरने धुऊ दिलं नाही. खालच्या कडेला लाल शाईत मावशीचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'हिची चूक' असं लिहिलं आणि ते रंगकामाच्या खोलीत टांगलं. पुढची चार वर्षं मावशी त्याच्याच खाली बसून रंग भरत होती. मी तिथे असते तर त्या माणसाला शाईच्या दौतीसकट बाहेर काढलं असतं.

गेल्या महिन्यात त्या कार्यक्रमाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी मावशीला घेऊन गेले. दालनाच्या मधोमध, सोनेरी चौकटीत, उरलेलं एकमेव शीट होतं. खाली पाटी: 'रेखाटन आणि रंग', आणि पुढे साहेबांचं नाव. ज्या माणसाने रंगाच्या बाटलीचं झाकण कधी उघडलं नाही, त्याचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मावशी चित्राकडे बघत म्हणाली, "कान चुकलाय."

मी संयोजकाला बोलावलं. "हे हिने रंगवलंय."

तो हसला. "आजी, असं बरेच जण सांगतात. काही पुरावा आहे का?"

"चौकट काढा," मावशी म्हणाली. "खालची कड बघा."

त्याने वेळ नसल्याचं सांगितलं. मी सांगितलं की आम्हाला भरपूर आहे, आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. शेवटी चौकट उघडली. कडेवरच्या पुठ्ठ्याखाली लाल अक्षरं तशीच होती. मावशीने पिशवीतून ओळखपत्र काढून शेजारी ठेवलं. त्याने दोन्हीकडची नावं दोनदा वाचली.

"पण इथे तर चूक असं लिहिलंय," तो चाचरत म्हणाला. "हे लोकांना दाखवायचं?"

"दाखवा," मावशी म्हणाली. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "बरोबर केलेलं सगळं मी माझ्या हाताने धुतलं. एवढंच राहिलंय."