सराईबाहेरचा लिंब

नांदेडमधल्या एका जुन्या सराईत आता स्वस्तातलं हॉस्टेल आहे. निजामाच्या काळातली कमान, दगडी ओवऱ्या आणि ओवरीत एकावर एक लोखंडी पलंग. वडिलांचे डोळे दाखवायला हदगावहून आलो, तेव्हा मी हट्टानं तिथंच उतरलो. आजोबा गावच्या पाटलाची कापसाची गाडी हाकत इथवर यायचे. पाटील आत झोपायचा. आमच्या जातीला कमानीच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, म्हणून आजोबा बाहेरच्या लिंबाखाली, बैलांजवळ. आता मी वडिलांना आतल्या पलंगावर झोपवणार होतो. केवढी ऐट वाटत होती मला!

मॅनेजर कौतुकानं म्हणाला, "काका, त्या काळी इथं येईल त्याला जागा मिळायची."

वडिलांनी फक्त विचारलं, "भाईर लिंब व्हता न्हवं?"

"तोडला की मागच्या वर्षी. पार्किंग केलं."

वडिलांनी पिशवीतून काढलेलं भाकरीचं फडकं परत आत ठेवलं. मी चादर झटकून म्हणालो, "बसा ना, बाबा."

ते उभेच राहिले. "माझा बाप निजायचा ती जागा बघायची व्हती रे," ते म्हणाले. "पलंग तर आपल्या घरी बी हाय."