टोक खाली

गल्लीत तिला टेपबाई म्हणत. शिवणकाम करून करून मापाची टेप गळ्यात अशी बसली होती की बाजारात निघाली तरी ती काढायची आठवण राहत नसे. फुलझाडंही ती टेप लावूनच लावायची. लिलीच्या कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, दोन कंदांत वीतभर अंतर, मुळांची बाजू खाली, टोक वर. तळाला मूठभर वाळू, म्हणजे पाणी साचून कंद कुजायला नको. दहा वर्षांत तिचा एक कंद वाया गेला नव्हता. आणि दहा वर्षांत सासूबाईंनी तिला एकदाही "छान" म्हटलं नव्हतं.

मागच्या अंगणात दोन वाफे. एक तिचा, एक धाकट्या जावेचा. मधल्या पायरीवर सासूबाईंची खुर्ची. त्यांचा सारा जन्म बागकामात गेलेला. धाकटी हाताला लागेल ते कुठेही खुपसायची, आणि सासूबाई खुर्ची तिकडे वळवून म्हणायच्या, "हिच्या हाताला गुण आहे हो!" टेपबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मोजूनमापून मरायचं आपण, आणि गुण हिच्या हाताला!

यंदा धाकटीनंही लिलीचे कंद आणले. "जाऊबाई, हे कसे लावायचे? तुमच्यासारखं कुणाला जमतंय?"

इतकं गोड विचारणाऱ्या बाईला खरं सांगायला काय जात होतं? पण हेवा वाटू लागला की माणूस तेवढा विचार करायला थांबत नाही.

"टोक खाली," टेपबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "मुळं वर. त्यांना हवा लागते."

दोरा पहिल्याच झटक्यात ओवला गेला.

तिचा वाफा वेळेवर फुलला, एका रेषेत. शेजारी नुसती काळी माती. खुर्ची इकडे वळली. आठ दिवस टेपबाई मशीन सोडून उगाचच पाणी घालायला जात राहिली. "छान" काही आलं नाही, पण खुर्ची तरी आपली होती.

मग तिची फुलं सुकली आणि पलीकडे कोंब दिसले. मातीखाली वळसा घेऊन आलेले, वाकडेतिकडे, पण आले. ते फुलले तेव्हा अख्ख्या अंगणात तेवढीच फुलं होती. खुर्ची पुन्हा तिकडे वळली.

सासूबाईंनी वाकून एक दांडा बोटानं चाचपला. "कंद उलटे लावलेत हे. कुणी सांगितलं?"

टेपबाई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळू लागली.

"जाऊबाईंनी," धाकटी कौतुकानं म्हणाली. "त्यांची फुलं संपली की माझी यावीत म्हणूनच सांगितलं असणार. नाहीतर आता तुम्ही काय बघत बसला असता? किती विचार करतात हो!"

सासूबाईंनी खुर्ची फिरवली, थेट थोरलीकडे. त्यांना सगळं कळलं होतं.

"छान," त्या म्हणाल्या.

दहा वर्षं वाट बघितलेला शब्द तो हाच. टेपबाईची मान काही वर होईना.