छपरावरचे धोंडे

निम्म्या कैऱ्या चिरून झाल्या होत्या, तेवढ्यात सीतावहिनी आल्या आणि विळीसमोरच बसून रडायला लागल्या. मी फोडींना मीठ चोळून ठेवलं आणि विळी आडवी केली.

त्यांचे यजमान यज्ञेश्वरभाऊजी आमच्या काशीच्या पंचगंगा घाटावरचे आचारी. आजोबा साताऱ्याहून वेद शिकायला काशीत आले, वडील वेद सोडून स्वयंपाकाकडे वळले, भाऊजींना तर लहानपणापासून झाराच हातात मिळाला. मीठ कमी की जास्त हे नुसत्या वासावर सांगतात. पण काशीत आचाऱ्याला कोण पुसतो? बद्रीच्या वाटेवर आमच्या मंडळाची पत्र्याची धर्मशाळा आहे, तिथं मात्र उन्हाळाभर ते राजे. यात्रेकरू पाया पडतात. इथं एकट्या सीतावहिनी पडतात, त्याही सणावारी.

यंदा वैशाखात तिथं भर दुपारी वादळ झालं. देवदार आडवे पडले, बसगाड्या अडकल्या, धर्मशाळेचे पत्रे उडून नदीपार गेले. काही शेजारच्या सफरचंदाच्या बागेत घुसले. कोवळी फळं झडली, बागवाल्याचं वर्ष बुडालं. पंगत अंगणात बसली होती म्हणून माणसं वाचली.

मंडळाचे अध्यक्ष नरहरपंत यांनी निकाल दिला: आचाऱ्याचा पायगुण वाईट, धर्मशाळेतला मारुती कोपला, आता शांत करायची आणि पुढच्या वर्षी आचारी दुसरा. शांतीला बसणार त्यांचाच मेहुणा.

मी दर शनिवारी मारुतीला तेल घालते, पण हे काही मला पटेना. वारा म्हणजे मारुतीचा बाप. लेकाकडे आला तर लेकाच्याच डोक्यावरचं छप्पर नेईल? आमच्या मामंजींनी नेलं असतं, पण ते देव नव्हते.

माझी लेक सुमेधा विद्यापीठात भूगोल शिकते. ती सांगू लागली, की उन्हानं डोंगर तापतात, हवा वर चढते, ढग साचतात. मग पाऊस कोसळताना वरची गार, जड हवा उतारावरून खाली धावते आणि अरुंद खोऱ्यात शिरली की जोर धरते, नळाच्या तोंडाशी बोट धरल्यावर पाणी धरतं तसा.

"म्हणून तर तिथे छतावर धोंडे ठेवतात, काकू. तुमच्या धर्मशाळेवर नव्हते?"

सीतावहिनींचं रडणं एकदम थांबलं. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, होते. यांनीच उतरवले. पंगतीसाठी मोठं चुलाण मांडायचं होतं आणि तसले सपाट धोंडे दुसरीकडे कुठं मिळेनात. यांना वाटलं, पहाडी लोक आळशी, उरलेले दगड वर टाकून दिलेत. चौकीदार नको नको म्हणत होता, तर यांनी त्याला खिरीची वाटी देऊन गप्प केलं.

"खरं सांगितलं तर मूर्ख ठरतील हो वहिनी."

"आणि नाही सांगितलं तर अपशकुनी," मी म्हणाले. " मूर्ख आचाऱ्याला लोक हसतात आणि जेवायला बसतात. अपशकुनी माणसाला बारशाला तरी कोण बोलावतो?"

संध्याकाळी मंडळाची बैठक होती. हे सभासद, म्हणून मीही दाराआड उभी राहिले. भाऊजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कुणीतरी फसकन हसलं. नरहरपंतांना मात्र हातची शांत सोडवेना.

"म्हणजे मारुती कोपलाच नव्हता म्हणता?"

"कोपला असेल तर माझ्यावर," भाऊजी म्हणाले. "पण धोंडे मी उतरवले, पंत. ते पाप त्याच्या माथी मारू नका."

यावर मेहुणा पानाचं निमित्त काढून उठला. बराच वेळ खल झाला आणि ठरलं, की आचारी हेच राहतील. पण आधी वर जाऊन नवे पत्रे ठोकून घ्यायचे, त्यावर धोंडे स्वतःच्या हातानं चढवायचे आणि बागवाल्याची माफी मागून त्याच्या बागेत तो सांगेल ते काम करायचं. भाऊजींनी लगेच हो म्हटलं, फक्त विचारलं की बागवाल्याला पुरण चालतं का.

उद्या सकाळी ते कँट स्टेशनवर हरिद्वारचं तिकीट काढायला जाणार आहेत.