समितीच्या अंगावर आमचे दिशदाशे

ईदच्या तोंडावर नगरपालिकेच्या समितीची बैठक होती, आणि त्या बैठकीआधी मी सगळ्या सभासदांचे दिशदाशे शिवून, इस्त्री करून, घरपोच देऊन मोकळी झाले. माझा सगळा मूर्खपणा एवढ्यात आला. नातवंडं विचारतात, "आजी, यात चूक काय? टाइमवर दिलं ना?" तीच तर चूक. उभ्या जन्मात वेळेवर कपडे न देणाऱ्या शिंप्याच्या बायकोनं नेमके त्याच वेळी वेळेवर दिले.

दिशदाशा म्हणजे ओमानी पुरुषांचा घोट्यापर्यंतचा झगा, गळ्याशी छोटा गोंडा लोंबणारा. आम्ही मूळचे वसईचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ओमानातल्या इब्राच्या बाजारामागच्या गल्लीत नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. कापणं, शिवणं त्याचं. गळ्यावरचं रेशमाचं काम, गोंडे आणि बाह्यांची हातशिलाई माझी, घरी बसून. परवाना अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या नावावर आणि आमचे व्हिसा त्या दुकानावर. दुकान होतं म्हणून आम्ही चौघं एका छपराखाली होतो.

तर पालिकेला गल्ली रुंद करून गाड्या लावायला जागा करायची होती. शिंपी, लाँड्रीवाले, सगळ्यांनी वाडीच्या, म्हणजे तिथल्या नदीच्या, कोरड्या पात्रापलीकडे सनायात, कारखान्यांच्या वस्तीत जायचं, गॅरेजांच्या ओळीत. टायर बदलायला लोक तिथे जातात, ईदचे कपडे शिवायला कोण जाणार? अर्बाबनं आधीच सांगून टाकलं होतं, दुकान गल्लीत असेल तर चालवू, सनायात मला नको. पण हाच अर्बाब समितीत होता! आणि बाकीचे सभासदही आमचीच गिऱ्हाइकं. मला वाटलं, ज्यांच्या गळ्यांची मापं आपल्या घरात आहेत ते आपल्याला कसे हाकलतील?

नवरा म्हणाला, "अगं, बैठक होऊ दे, मग देऊ कपडे. शिंप्याकडे कपडा अडकला की माणूस जरा नरम असतो."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "माणसांना खूश करायचं असतं. तुम्हाला कात्रीपलीकडे काही कळत नाही."

मला मात्र सगळं कळत होतं. पस्तिशीतली बाई, चार अरबी शब्द येत होते, त्यामुळे स्वतःला वकीलच समजायची.

बैठकीला मीच गेले. नवऱ्याचं अरबी 'हात वर करा, श्वास सोडा' इथवरच. मी गिऱ्हाइकांच्या बायकांकडून थोडं जास्त शिकले होते. अर्बाबनं शब्द टाकला म्हणून मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. कहवा फिरला, खजूर फिरले, आणि मी समोर पाहिलं तर काय, सगळी समिती आमच्याच दिशदाशांत! बरेच दिवस अडकलेला नवा कपडा हातात पडला, तो कोण ईदपर्यंत घडी करून ठेवणार? मी आपली एकेक गळा ओळखत बसले. हा राखाडी, याचं रेशीम मी दोनदा उसवलं. तो पांढरा, त्याचा गोंडा माझ्या तापात झाला. अभिमानानं माझी छाती फुगली होती. काय बाई होते मी!

कामकाज सुरू झालं. चौकातल्या हिरवळीत बकऱ्या शिरतात, त्यांचं काय? यावर खूप वेळ. कब्रस्तानाजवळचे दिवे लागत नाहीत. बाजारातलं गटार तुंबतं. मग आमचा विषय. एका तरुण इंजिनियरनं भिंतीवर नकाशा लावला. त्यात आमची गल्ली होती, पण दुकानं नव्हती. त्यांच्या जागी गाड्यांचे चौकोन आधीच आखलेले होते. ते बघून मला कळायला हवं होतं. पण मी अर्बाबकडे बघत होते.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? अर्बाबनं दिशदाशाच्या गळ्यात बोट घालून तो जरा सैल केला. आता बोलेल, मला वाटलं. त्यानं खजुरांची ताटली जवळ ओढली. मग मीच उठले. घरी घोकलेली भाषणं विसरले आणि बायकांकडून शिकलेल्या अरबीत एवढंच म्हणाले, "आमचं दुकान चांगलं आहे. मुलं इथेच शाळेत आहेत. आम्हाला इथेच राहू द्या."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष फार मायेनं म्हणाले, "इन्शाल्ला." मी समाधानानं खाली बसले. वेडी! त्यानंतर हात वर झाले. एकेक बाही मी दुमडून, टीप दिसू न देता शिवलेली, एकेक बाही वर. अर्बाबची सगळ्यात शेवटी, पण तीही वर. खलास. कुणाला तरी बकऱ्यांबद्दल आणखी काही आठवलं आणि समिती पुन्हा बकऱ्यांकडे वळली.

बाहेर नवरा उन्हात उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. 'मी सांगितलं होतं' असं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडले तरी असते. दारातून सभासद बाहेर पडत होते आणि तो त्यांच्या पाठीवर कपडा कसा बसलाय ते बघत होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. दुकान बंद झालं, नवरा दूर रुसैलला गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला लागला आणि कंपनीच्या खोलीतल्या वरच्या खाटेवर झोपू लागला. तिथे कुटुंबाला व्हिसा नव्हता, म्हणून मी मुलांना घेऊन वसईला आले. तो रजेवर यायचा तेव्हा धाकटी दाराआड उभी राहून त्याला बघायची, आणि हाक मारण्याआधी माझ्याकडे बघायची. इतकी वर्षं झाली, तिची ती नजर काही जात नाही. मला स्वतःवर हसता येतं, पण त्या नजरेपाशी आले की हसू थांबतं.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी अर्बाब पायऱ्या उतरून आमच्याकडे आला. मी उगाच पदर सावरला. वाटलं, आत बोलता आलं नाही, आता काहीतरी बोलेल. त्यानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट पुन्हा गळ्यात घातलं आणि त्याच्या त्या आखाती हिंदीत मला म्हणाला,

"सिस्टर, ये गला थोडा टाइट है. तुम लोग जाने से पहले लूज कर के देना."